भाकड दिवसांचा हिशेब



दुधाच्या धंद्याविषयीचे आपल्याकडचे बोलणे दरापासून सुरू होते आणि दरापाशीच संपते. लिटरला किती मिळाले, फॅट किती लागली, एसएनएफसाठी, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांसाठी, किती कापले, पेंडीचे पोते कितीला पडले. हा हिशेब खोटा नाही. पण त्यात एक खाते कधी उघडलेच जात नाही, आणि आजचा विषय तेच खाते आहे. गाय आटल्यापासून पुन्हा विण्यापर्यंतचे दोन महिने आणि व्यायल्यानंतरचे पहिले तीन आठवडे, या काळात तिच्या शरीरात जे घडते त्यावर पुढच्या वेताचे दूध, तिचे आजारपण आणि ती वेळेवर गाभण राहणे हे बहुतांशी ठरते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: दुग्धज्वर, किटोसिस, वार अडकणे, व्यायल्यानंतरची दगडी, पुन्हा पुन्हा उलटणारी गाय ही आपण वेगवेगळी संकटे म्हणून मोजतो. त्यांच्या मुळाशी जंतू, हवामान, वंश अशी इतर कारणेही असतात. पण त्यांतला मोठा आणि आपल्या हातातला भाग एकाच ठिकाणी सापडतो. गाय काहीच देत नाही म्हणून ज्या दिवसांत आपण तिच्याकडे पाहत नाही, तिथे.

हे पटण्यासाठी दूध कशाचे बनते ते आधी पाहावे लागेल. गाय चारा खाते, पण तो आधी तिच्या पोटातले सूक्ष्मजीव खातात. कडबा असो, मका असो की गूळ, त्यातली बहुतेक शर्करा कोठीपोटात आंबते आणि तिची अॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले होतात. आपण भात खाल्ल्यावर जशी साखर थेट रक्तात येते, तशी ती गाईच्या रक्तात फारशी येत नाही. तिला लागणारे ग्लुकोज तिचे यकृत, मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून, स्वतः घडवते. आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोजपासूनच होते. एका लिटर दुधामागे साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज कासेला लागते. वीस लिटर देणाऱ्या गाईच्या यकृताला केवळ दुधासाठी रोज जवळजवळ दीड किलो साखर तयार करावी लागते. लॅक्टोज आपल्याबरोबर पाणी ओढते, त्यामुळे दूध किती उतरणार हेही बऱ्याच अंशी या साखरेवर ठरते. दुभत्या गाईचे यकृत थकले की सगळा गोठा थकतो, त्याचे कारण हे आहे.

१९८० साली डेल बाउमन आणि ब्रूस करी या दोन संशोधकांनी या विषयाला दिशा देणारी एक मांडणी केली. गाभणपणात आणि दुभत्या काळात मादीचे शरीर आपले नेहमीचे समतोल बाजूला ठेवून एका उद्दिष्टाभोवती नव्याने जुळते, असे त्यांनी दाखवले. व्यायल्यानंतर रक्तातले इन्सुलिन उतरते, वाढीचे संप्रेरक चढते, स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी होतात. कासेला मात्र ग्लुकोज उचलायला इन्सुलिनची गरज लागत नाही. परिणामी गाईच्या शरीरातला साखरेचा पहिला वाटा कासेला जातो आणि उरलेल्यात बाकीचे शरीर भागवते. वासराला जगवण्यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे. माणसाने निवड करत करत दूध वासराच्या गरजेच्या कितीतरी पट वाढवले. व्यवस्था तीच राहिली. म्हणून गाय उपाशी असतानाही दूध देत राहते, आणि दूध देते आहे म्हणून आपण ती ठीक आहे असे समजतो.

आता या व्यवस्थेवर ताण नेमका केव्हा येतो ते पाहू. विण्याच्या आधीच्या काही दिवसांत गाईचे खाणे घटते, पुष्कळदा तिसऱ्या हिश्श्याने. व्यायल्यावर दूध चार ते आठ आठवड्यांत शिखराला पोचते, पण खाण्याची क्षमता शिखर गाठायला दहा-बारा आठवडे घेते. मधल्या काळात खर्च जमेपेक्षा जास्त असतो. एक कागदावरचा हिशेब मांडतो. साडेचारशे किलोच्या संकरित गाईला नुसते जगायला दिवसाला सुमारे ८ मेगाकॅलरी लागतात आणि दुधाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण ०.७. पंधरा लिटरचे साडेदहा झाले, एकूण साडेअठरा. पहिल्या आठवड्यात तिचे खाणे कोरड्या वजनात दहा किलोच्या आसपास असते. त्यात निम्मा कडबा आणि निम्मा चांगला खुराक धरला तरी हाती येतात चौदा-साडेचौदा. उरलेल्या चार मेगाकॅलरी अंगावरच्या चरबीतून निघतात. म्हणजे रोज पाऊण किलोच्या आसपास गाय झिजते. ही ऊस तोडणाऱ्याने हंगामाआधी घेतलेल्या उचलीसारखी गोष्ट आहे: घेताना भागते, पण फेड हंगामभर चालते.

चरबी विरघळून यकृतात येते. यकृत ती जाळते, पण पुरी जाळायला लागणारा कच्चा माल ग्लुकोज बनवण्याकडे वळलेला असतो. मग अर्धवट जळलेल्या चरबीचे कीटोन होतात आणि न जळलेली चरबी यकृतातच साठते. रक्तातले बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट लिटरला १.२ मिलिमोलच्या पुढे गेले की त्याला सुप्त किटोसिस म्हणतात. गाय उभी असते, रवंथ करते, दूध देते. फक्त खुराक सोडून वैरणीकडे वळते आणि दोन लिटरने मागे राहते. श्वासाला गोडसर वास येऊन ती खंगते तेव्हा आपण डॉक्टरांना बोलावतो, पण तोवर नुकसान बरेच होऊन गेलेले असते. इथे कोणी म्हणेल की व्यायलेली गाय झिजणारच, सगळ्याच सस्तन माद्या झिजतात, त्यात आजार कसला? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. थोडी झीज स्वाभाविक आहे आणि ती शून्यावर आणण्याचा अट्टहास कोणी करू नये. प्रश्न झिजेच्या वेगाचा आणि ती झीज पेलणाऱ्या यकृताच्या तयारीचा आहे, आणि ती तयारी व्यायल्यावर करता येत नाही.

कॅल्शियमची कथा हेच अधिक स्पष्टपणे सांगते, कारण तिच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. दुग्धज्वरात व्यायलेली चांगली दुभती गाय अचानक आडवी होते, कान थंड पडतात, मान बरगडीकडे वळवून ती निपचित पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशा गाई मोठ्या संख्येने मरत. १८९७ साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंगचे पशुवैद्य युर्गेन श्मिट यांनी कासेत पोटॅशियम आयोडाइडचे पाणी भरण्याचा उपाय काढला, आणि पुढे नुसती हवा भरूनही गाई उठू लागल्या. कासेत विष तयार होते अशी श्मिट यांची समजूत होती. समजूत चूक होती, उपाय बरोबर होता: भरलेल्या कासेत दूध उतरणे थांबले की रक्तातला कॅल्शियमचा ओघही थांबत असे. १९२५ च्या सुमारास एडिंबरोमध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी रक्तातले कॅल्शियम घटते हे दाखवले, आणि त्यातून शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देण्याचा उपचार आला. तिसरी पायरी नॉर्वेत गाठली गेली. एंडर, डिशिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विण्याआधीच्या आहारातील क्षारांचा समतोल आम्लाकडे झुकवला, तर दुग्धज्वर टाळता येतो हे सिद्ध केले. उपायाची ही वाटचाल लक्षात घ्या. तो आधी पडलेल्या गाईच्या कासेत होता, मग तिच्या शिरेत गेला आणि शेवटी न व्यायलेल्या गाईच्या गव्हाणीत पोचला. आपण मात्र अजून दुसऱ्याच पायरीवर थांबलो आहोत.

यामागचे गणित साधे आहे. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी कॅल्शियम असते सुमारे तीन ग्रॅम. दहा लिटर चिकातून जाते वीसहून अधिक ग्रॅम. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून काढावी लागते, आणि ती यंत्रणा जागी व्हायला एक-दोन दिवस लागतात. भाकड काळात गाईला भरपूर कॅल्शियम मिळत राहिले तर ती यंत्रणा झोपूनच राहते. पोटॅशियम जास्त असलेला हिरवा चारा, उदाहरणार्थ लसूणघास, रक्त अल्कधर्मी करतो आणि मग हाडे कॅल्शियम सोडण्याचा संप्रेरकाचा निरोपच नीट ऐकत नाहीत. गाभण गाय म्हणून प्रेमाने लसूणघास घालणे आणि विण्याआधी महिनाभर कॅल्शियमच्या बाटल्या पाजणे, या दोन्ही गोष्टी आपल्या गोठ्यांत सर्रास होतात. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. आडवी पडलेली गाय तर सगळ्यांना दिसते. पण अमेरिकेतील कळपांची जी पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पहिलारू गाईंपैकी सुमारे पाव आणि पुढच्या वेतांतल्या गाईंपैकी जवळजवळ निम्म्या गाईंचे कॅल्शियम व्यायल्यानंतर कमी आढळले, आणि त्यांतल्या बहुतेक उभ्याच होत्या.

ऊर्जा आणि कॅल्शियम या दोन तुटी एकाच आठवड्यात भेटतात तेव्हा बाकीच्या आजारांना दार उघडे होते. स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. ते कमी पडले की गर्भाशय ढिले पडते, आतड्याची हालचाल मंदावते आणि सडाचे तोंड दूध काढल्यावर नीट मिटत नाही. रक्तातल्या संरक्षक पेशींनाही कॅल्शियम आणि ऊर्जा लागते, आणि वार सुटण्यात त्या पेशींचा वाटा असतो. म्हणून वार अडकते, गर्भाशयात पू होतो, कासेला दगडी होते. खाणे आणखी घटते, त्यामुळे झीज आणखी वाढते. पुढे दोन-अडीच महिन्यांनी जे बीजांड सुटणार असते त्याची वाढ याच ओढाताणीच्या आठवड्यांत सुरू झालेली असते. माज मुका राहतो, भरवलेली गाय उलटते, आणि दोन वेतांतले अंतर लांबते. शेतकरी तेव्हा रेतनाच्या कांडीला दोष देतो. दोष कांडीचा असेलही, पण प्रत्येक वेळी नसतो.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: औषधे आहेत, डॉक्टर फोनवर येतात, मग आधीपासून एवढा खटाटोप कशाला? उत्तर पुन्हा गणितातच आहे. ५० टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५० ग्रॅम साखर असते, म्हणजे साडेतीन लिटर दुधापुरती. तिने रक्तातली साखर काही तास चढते. संकटात ती बाटली लागतेच, पण तिच्यावर वेत चालत नाही. कॅल्शियमची सलाइन घाईने दिली तर हृदय थांबू शकते. घरगुती उपायांचेही तसेच आहे. व्यायलेल्या गाईला गूळ आणि बाजरी घालण्याची आपली रीत आहे. थोड्या प्रमाणात त्याने चव येते, खाणे सुरू होते. पण गुळाची साखर रक्तात जात नाही, ती कोठीपोटात आंबते. जास्त घातला तर आम्लता वाढते, आणि त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरिक आम्लाचा काही भाग पुन्हा कीटोनच होतो. साखर वाढवण्यासाठी तोंडावाटे देण्याजोगा सिद्ध उपाय आहे तो प्रोपिलीन ग्लायकोलचा, कारण त्याचे यकृतात ग्लुकोज होते. तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरावीक दिवस.

दुसरा आक्षेप असा की हे सारे चाळीस लिटरच्या परदेशी गाईंचे दुखणे आहे, आपल्या दहा-पंधरा लिटरच्या गाईला ते कशाला लागू होईल? हा आक्षेप लिटर मोजतो, तूट मोजत नाही. मघाचाच हिशेब पुढे न्या. साडेपाचशे किलोची पंचवीस लिटर देणारी गाय, तिला रोज साडेसव्वीस मेगाकॅलरी लागतात. ती पंधरा किलो चांगला मुरघास आणि संतुलित खुराक कोरड्या वजनात खाऊ शकली तर चोवीस मिळवते; तूट अडीच. निम्म्या कडब्यावर उभी असलेली मघाची पंधरा लिटरची गाय चार मेगाकॅलरींनी मागे. कमी दूध देणारी गाय जास्त खोल खड्ड्यात असू शकते. कडब्याच्या जागी उसाचे वाढे असेल तर त्यात ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते, हा दुभत्या काळातला आणखी एक भुर्दंड. शिवाय संकरित गाई एप्रिल-मेमध्ये व्यायल्या तर उन्हानेच त्यांचे खाणे तुटते. आजाराला दुधाचा आकडा कळत नाही, तूट कळते.

तिसरा आक्षेप भावनेचा असला तरी त्यात तथ्य आहे: देशी गाईकडे परतावे, तिला हे आजार होत नाहीत. चार-सहा लिटर देणाऱ्या गाईच्या शरीरावर ताण कमी, म्हणून हे आजार तिच्यात कमी दिसतात, हे खरे. पण त्यामागे वंशाची एखादी जादू आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्या देशी म्हशींत दुग्धज्वर आणि किटोसिस दोन्ही आढळतात, आणि व्यायल्यावर फॉस्फरस घटून होणारी लाल लघवी तर म्हशींत विशेष आढळते. दुसरे असे की देशातल्या १९.२५ कोटी गोवंशापैकी ५ कोटींहून अधिक जनावरे २०१९ च्या पशुगणनेत विदेशी आणि संकरित नोंदली गेली आहेत. ती आज गोठ्यात उभी आहेत. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि गोठित रेतनातून संकराचा कार्यक्रम गावोगाव नेला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी ही संकरित गाय घडवली. १९७० पासून दूधमहापूर योजनेने बाजार आणि संकलन उभे केले. वंश आला, बाजार आला, भाव आला. विण्याआधी आणि व्यायल्यानंतर त्या गाईला कसे सांभाळायचे, हे ज्ञान मात्र तितक्या वेगाने गोठ्यापर्यंत आले नाही. गाय परत पाठवून ही उणीव भरून निघणार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दोन-चार गाईंचा मालक विचारतो, दूध नसलेल्या गाईला पेंड घालायला पैसा कुठून आणू? हा प्रश्न त्याच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. आपल्या सगळ्या व्यवस्थेनेच तो त्याच्या तोंडी घातला आहे. दर लिटरमागे, संघाचा बोनस लिटरमागे, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने दिलेले ५ रुपयांचे अनुदानही लिटरमागेच. ज्या गाईचे लिटर शून्य, ती हिशेबात नाही. म्हणून तिला उरलासुरला कडबा मिळतो, किंवा ती आटतच नाही आणि विण्याच्या तोंडापर्यंत पिळली जाते. वासराची निम्म्याहून अधिक वाढ याच शेवटच्या दोन महिन्यांत होते आणि कासेतल्या ग्रंथींना नवे होण्यासाठी हाच वेळ लागतो, हे कोणत्याच पावतीवर लिहिलेले नसते. मात्र इथे मला माझ्याच मुद्द्याला मर्यादा घातली पाहिजे. भाकड गाईला खूप खाऊ घाला, असा त्याचा अर्थ नाही. लठ्ठ गाय विण्याच्या सुमारास कमी खाते आणि तिची चरबी जास्त वेगाने यकृतावर कोसळते. शरीराच्या भरलेपणाच्या पाचच्या मापात साडेतीनच्या वर गेलेली गाय धोक्याची. म्हणजे गरज जास्त खर्चाची नाही, योग्य वेळी केलेल्या बेताच्या खर्चाची आहे. पहिले पाच आठवडे भरपूर वैरण आणि थोडे खनिज. शेवटच्या तीन आठवड्यांत रोज दीड-दोन किलोपर्यंत हळूहळू चढवलेला खुराक, ज्याने पोटातले सूक्ष्मजीव नव्या आहाराला सरावतील. व्यायल्यावर तोच खुराक दोन दिवसांआड अर्ध्या किलोने वाढवायचा. आठ किलो पेंड एकदम पुढे टाकली तर पोट आंबते आणि सगळी मेहनत वाया जाते. न अडकलेली एक वार, टळलेली एक दगडी आणि वेळेवर राहिलेला एक गाभ यांच्यापुढे या दीड-दोन किलोंची किंमत छोट्या गोठ्यातच सर्वांत कमी वाटावी, कारण चार गाईंतली एक पडली तर धंद्याचा चौथा हिस्सा पडतो.

आणि ज्या पावतीवर आपण विसंबतो, तीही व्यायल्यानंतरच्या दिवसांत फसवते. चरबी वेगाने विरघळत असलेल्या गाईच्या दुधात फॅट वाढते, कारण अंगावरचीच चरबी दुधात उतरते. त्याच वेळी प्रथिने घटतात आणि एसएनएफ ८.५ च्या खाली घसरते. फॅट आणि प्रथिने यांचे गुणोत्तर १.४-१.५ च्या पुढे गेले तर ती किटोसिसची शंका घेण्याजोगी खूण आहे. आपण मात्र चांगल्या फॅटवर खूश होतो आणि एसएनएफसाठी यंत्राशी भांडतो. तीच पावती एका गाईच्या दुधाची, व्यायल्यापासून पहिल्या महिन्यात वेगळी काढली तर ती आरोग्याची नोंद ठरेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, संकलन केंद्रात जे आहे तेच पुरते.

म्हणून या व्यासपीठावरून माझे मागणे दोघांकडे आहे. दूध संघांनी आणि सहकारी संस्थांनी भाकड गाईसाठी वेगळी गोळीपेंड आणि आम्लक्षारांचे खनिज मिश्रण केंद्रावर ठेवावे, आणि त्याचे पैसे पुढच्या वेताच्या दुधातून कापून घ्यावेत. शेवटच्या दोन आठवड्यांत गाभण गाईच्या लघवीचा सामू पाहण्यासाठी पीएच पट्टी आणि व्यायलेल्या गाईच्या कीटोनची चाचणी, या दोन गोष्टी प्रत्येक केंद्रावर असाव्यात. नॅशनल डेअरी प्लॅनमध्ये एनडीडीबीने घरोघर जाऊन संतुलित आहाराचा सल्ला देणारे कार्यकर्ते उभे केले होते; त्या धर्तीवर संघाच्या माणसाने गाय विण्याआधी एकदा गोठ्यात यावे, ती पडल्यावर नव्हे. आणि शेतकरी बंधुभगिनींना सांगणे इतकेच की विण्याच्या तारखेच्या दोन महिने आधी गाय आटवा, तीन आठवडे आधी तिचा खुराक सुरू करा, लसूणघास आणि कॅल्शियमची बाटली तेवढे दिवस बाजूला ठेवा, आणि व्यायल्यानंतरचे एकवीस दिवस तिचे दूध मोजण्याआधी तिने किती खाल्ले ते मोजा. धंदा टिकवायचा असेल तर भाकड गाईचा खर्च दुधाच्याच खर्चात धरावा लागेल.